तिसरं कारण

महायुद्धाची कारणं चाळीस मिनिटांत लिहायची होती. राष्ट्राराष्ट्रांतले करार पटापट व्हायचे, शस्त्रास्त्रांची चढाओढही उरकायची, आणि तिसऱ्या कारणापाशी, राष्ट्रवादापाशी, धाकटीचं घोडं पेंड खायचं. दोन वाक्यं होतात न होतात तोच मागून टर्रर्र! पेन खाली. अकरा दिवस, अकरा निबंध, एकही पुरा नाही. उद्या परीक्षा होती, आणि इतिहासात नापास म्हणजे कॉलेज विसरायचं.

वेळ लावायची ताई. ती बेकरीत भट्टीवर कामाला होती आणि तिथला एक जुना, पिळून लावायचा टायमर तिने घरी आणला होता. धाकटीने पाठमोरं बसायचं, टायमरकडे बघायचं नाही, हा नियम ताईचाच. तिचं ऐकणं भाग होतं, कारण तीन वर्षांपूर्वी हाच पेपर अर्धवट राहून ती नापास झाली होती आणि निकालाच्या दुसऱ्या आठवड्यात भट्टीपुढे उभी राहिली होती.

"हात चालव गं," ताई म्हणायची. "विचार कसला करतेस? युद्ध तू थोडीच थांबवणार आहेस?"

धाकटी दातओठ खायची. पण राग सगळा स्वतःवरच. आपण मठ्ठ आहोत, हे तिने आता जवळजवळ कबूलच केलं होतं.

त्या दुपारी ताईने टायमर पिळला आणि तेवढ्यात शेजारच्या काकू काहीतरी विचारायला आल्या. ताई दाराशी गेली. धाकटीचं पेन नेमकं तेव्हाच अडलं. दुसरं घ्यायला ती वळली आणि टायमर समोर दिसला. आत्ता तर लावला होता, आणि काटा तेहतिसाच्याही खाली!

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"किती मिनिटं लावतेस गं तू?" ती तिथूनच ओरडली. काकूंनी काढता पाय घेतला.

ताईने दार लावलं. "तेहतीस."

"रोज?"

"रोज. हॉलमध्ये तेवढीच मिळतात. आमच्या बाईंनी पेपर सात मिनिटं उशिरा दिले आणि घेतले मात्र घंटेला. तुझं तसं होऊ नये म्हणून..."

"मग सांगायचं होतंस! मी अकरा दिवस स्वतःला मठ्ठ समजत बसले. केसाने गळा कापलास माझा!"

ताई खुर्चीत बसली. "सांगणार होते. पहिल्याच दिवशी. पण तुझाही निबंध राहिला ना, तेव्हा मला बरं वाटलं. म्हटलं, चला, मी एकटीच नाही. मग रोजच बरं वाटायला लागलं. दुखत होतं माझ्या पोटात. झालं समाधान?"

हिच्या झिंज्या उपटाव्यात, असं धाकटीला वाटलं. तिने वही ताईपुढे आपटली. "लिही. आता तू लिही. मी वेळ लावते."

"वेड लागलंय का? उद्या तुझा पेपर..."

"लिही म्हणते ना!"

तिने टायमर चाळिसावर पिळला. तेहतीस मिनिटं झाली की वही ओढून घ्यायची, तिसरं कारण अर्धवट राहिलं पाहिजे, असं तिने मनाशी पक्कं केलं. ताईने आधी दोनदा खोडलं. मग तिची मान खाली गेली आणि भाजल्याच्या डागांनी भरलेला तो हात भराभर चालायला लागला. तेहतीस मिनिटं झाली. धाकटीने हात पुढे केला आणि मागे घेतला. याचाही तिला संताप आला.

एकोणचाळिसाव्या मिनिटाला ताईने पेन ठेवलं. करार, चढाओढ, राष्ट्रवाद, समारोप, सगळं होतं. तीन वर्षं पुस्तकाला हात न लावता! धाकटीने उभ्याउभ्या वाचलं. तिच्या अकराही निबंधांपेक्षा ते चांगलं होतं.

"बसलं गं," ताई हळूच म्हणाली. "चाळिसात बसलं." आणि एकदम तिने टेबलावर मूठ आपटली. "मला येत होतं! सगळं येत होतं! त्या बाईने माझ्या हातातून पेपर ओढला आणि मी तिला काय म्हटलं माहितीये? थँक यू, मॅडम म्हटलं!"