बहिणीला जाणारं पत्र

आमच्या देवळात मंगळवारी दुपारी कीर्तन असतं. बुवा गाऊन निरूपण करतात, आणि आळवणी टिपेला गेली की श्रोत्यांनी अमिदा बुद्धाचं नाम उचलायचं, ही जुनी रीत. ओसाकाच्या या मजूरवस्तीत ते सगळ्यांत खणखणीत उचलायचा हात्सुओ शिबुकावा. तीस वर्षं इमारतींना परांची बांधली त्याने. आता वय सहासष्ट, गुडघे गेलेले, आणि निजायला बंद दुकानाच्या दारात पुठ्ठ्याचं खोकं. कीर्तनानंतर मी भाताची पेज वाढते. तो म्हणायचा, बुवा बेसूर झाले की तुझी पेजही खारट होते.

पानगळीत त्याला खोकला लागला. थंडीच्या आत डोक्यावर छप्पर हवं होतं. सरकार निर्वाहमदत देतं, खोलीचं भाडंही देतं. पण अर्ज केला की कचेरी नातेवाइकांना पत्र घालते, तुमच्या माणसाला तुम्ही सांभाळाल का म्हणून. हात्सुओला नेमकं तेच नको होतं. धाकटी बहीण साएको दूर अकिताला. तिच्या लेखी दादा मोठा मुकादम. दर नववर्षाला देवळाच्या पत्त्यावरून तिला शुभेच्छापत्र जायचं. अक्षर माझं, थापा त्याच्या.

मी महिनाभर मागे लागले तेव्हा कुठे तो कचेरीत आला. दहा वर्षं ज्यांचा संबंध नाही अशांना पत्र जात नाही, हे त्याने कुणाकडून तरी ऐकलं होतं. अर्जात त्याने ‘संबंध नाही’ असंच लिहिलं होतं. मला मात्र बोलला नव्हता.

खिडकीवरचा तरुण साहेब कागद चाळत म्हणाला, अशा लोकांना खोली देऊन उपयोग होत नाही, महिन्यात घाण करून निघून जातात. माझं डोकंच फिरलं.

“असे लोक म्हणजे?” मी म्हणाले. “या माणसाने वीस वर्षांत बहिणीला नववर्षाचं पत्र पाठवायला एकदाही चुकवलेलं नाही. तुम्ही पाठवता का हो सगळ्यांना?”

साहेबाने मान वर केली. “म्हणजे संबंध आहे तर,” म्हणाला, आणि अर्जातल्या ‘संबंध नाही’वर लाल रेघ मारली.

हात्सुओने शांतपणे अर्ज परत मागितला. साहेबाने तो लगेच दिला. एवढी तत्परता त्या खिडकीवर मी दुसऱ्यांदा पाहिली नाही. मी परत गेले, विनवलं, मीच खोटं बोलले म्हणून सांगितलं. उत्तर एकच: अर्जदाराने स्वतः यावं.

तो गेला नाही. “ताई, तू कशाला रडतेस,” म्हणाला. “खोलीसाठी तिचा दादा काढून घेऊ तिच्याकडून?”

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तो खोक्यातच गेला. छातीत कफ आणि पोटात माझी आदल्या दिवशीची पेज.

आणि मग कचेरीने पत्र घातलं. साएकोलाच. अस्थी घेऊन जाव्यात म्हणून. चार दिवसांत पत्ता शोधून काढला! जिवंत माणसासाठी ज्यांच्याजवळ लाल रेघ होती, त्यांच्याजवळ मेलेल्यासाठी टपाल होतं, शिक्का होता, दिलगिरीची दोन वाक्यंसुद्धा होती.

साएको मंगळवारी आली. मांडीवर अस्थिकलश घेऊन त्याच्याच जागी बसली. बुवा करुणेवर गात होते, या जगात कुणी परका नाही म्हणून. पदाचा सूर टिपेला गेला. मागून कुणी नाम उचललं नाही. मीही नाही. सत्तर वर्षांत पहिल्यांदा मला बुवांचा राग आला, आणि माझ्या मोठ्या पातेल्याचाही.

पेज वाढताना तिने विचारलं, “पत्रात दादाला राहायला जागा नव्हती असं लिहिलंय. तो तर मुकादम होता ना?”

“होता,” मी म्हणाले. “कचेरीचं काही खरं नसतं, बाई. खा तू.”

तिने वाटी खाली ठेवली.

“पत्रांवरचं अक्षर तुमचं का?” तिने विचारलं. “आमच्याकडे दोन खोल्या रिकाम्या आहेत हो.”