जाडा शेठ

दत्तूशेठने फाइलमधलं पहिलं चित्र उचललं, हातभर लांब धरलं आणि मान मागे टाकून हसायला लागला.

“बघा वहिनी, काय पोट काढलंय! डिट्टो गोटीराम!”

वैदेही दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. काल बाबांचं तेरावं झालं होतं. आज सकाळी आईने पाहुण्यांसाठीचे कप काढलेले पाहून तिने विचारलं होतं, कोण येणार आहे? आई कप पुसत राहिली होती.

याच खोलीत बसून बाबा, म्हणजे वामन घरत, चौतीस वर्षं ‘खाजकुइली’ मासिक काढत होते. महिन्याला सोळा पानं; त्यातली निम्मी टोमणे, निम्मी चित्रं. शेवटच्या पानावर जाडा शेठ असायचा. पांढरे कपडे, काळा गॉगल आणि पानाच्या चौकटीबाहेर गेलेलं पोट. कधी तो गुरचरण गिळायचा, कधी खाडीत मातीचा भराव टाकून त्यावर खुर्ची मांडायचा, कधी एकाच गटाराचं तिसऱ्यांदा उद्घाटन करायचा. ही सगळी कामं दत्तूशेठची होती आणि तालुक्यात ते कुणाला सांगावं लागत नसे.

फक्त दत्तूशेठला ते ठाऊक नव्हतं. तो काटकुळा होता, शर्टाच्या कॉलरमध्ये अजून एक मान मावेल इतका. जाड्या शेठला तो आधी कुठला तरी ठेकेदार समजायचा. पाच वर्षांपूर्वी लठ्ठ गोटीराम त्याला हरवून सरपंच झाला, तेव्हापासून त्याची खात्रीच पटली. दर महिन्याला शंभर अंक घेऊन तो गावात वाटायचा. लोक वाचायचे, त्याच्याकडे बघायचे आणि हसायचे. त्यांच्याबरोबर तोही हसायचा.

वैदेहीने एकदा बाबांना विचारलं होतं, बारीक माणूस जाडा का काढता?

“पोट नाही काढत मी. भूक काढतो,” बाबा म्हणाले होते. वाशीच्या कॉलेजात व्यंगचित्रांवर बोलताना ती हे वाक्य दर वर्षी मुलांना सांगायची.

“पुस्तक करू, पोरी,” दत्तूशेठ म्हणाला. “हार्डबाउंड, चकाचक कागद. निवडणुकीच्या आत. प्रकाशन माझ्या हातून. त्या गोटीरामाला तोंड दाखवायला जागा उरणार नाही. वामनदादांना खरी श्रद्धांजली!”

त्याने पुढचं चित्र उचललं. कंटेनर यार्डाचं फाटक. फाटकाशी खांद्यावर तिरडी घेतलेली चार माणसं. जाडा शेठ केबिनमधून हात पुढे करून विचारतोय, “गेट पास?”

दत्तूशेठ मांडीवर थाप मारून हसला. “स्मशानाची वाट विकली साल्याने!”

तेरा दिवसांपूर्वी त्याच फाटकाशी बाबांची तिरडी चाळीस मिनिटं थांबली होती. न्हावा शेवा बंदराहून आलेले ट्रेलर एकामागून एक आत जात होते आणि वॉचमन म्हणत होता, लाइन क्लियर होऊ द्या. यार्डाला जागा देण्याच्या ठरावावर सही होती तेव्हाचे सरपंच दत्तू ठाकूर यांची.

“दत्तूशेठ,” ती पुढे झाली. “हा माणूस कोण आहे, ते तुम्हाला—”

“चहा निवतंय, शेट,” आई मध्येच म्हणाली. कप तिने त्याच्या हातातच दिला. “सगली छापशील?”

“सगळी, वहिनी. एक नाही सोडणार.”

“मंग खाली तारीख पन टाक. कवाची हाय ती.”

“अहो, तारीख काय, तिथीसुद्धा टाकू!”

“कुनाचं नाव नको टाकू. जसं हाय तसं छाप.”

“शब्द दिला.”

“दोन दिवसांनी मानूस पाठव. तारखा लिवून ठेवतो आमी.”

बाहेर दत्तूशेठच्या गाडीचं दार वाजल्याबरोबर वैदेहीने उष्टा कप उचलून मोरीत इतक्या जोरात ठेवला की त्याचा कान तुटला.

“त्याच्या सहीपायी बाबा उन्हात पडून होते. आणि तू त्याला आपल्या हाताने चहा देतेस? बाबांचं सगळं काम देतेस?”

आई खाली बसली. फाइल तिने मांडीवर ओढून घेतली.

“पयला तुजा बापूस त्याला बारीकच काढायचा.”

“कोणाला?”

“ह्याला. डिट्टो. तू दोन वर्सांची होतीस. रातचे कौलांवर दगड आले. एक तुज्या पालन्यात परला. मी पाया परले तुज्या बापाच्या. म्हनलं, ‘काढू नको’ असं मी बोलत नाय, पन जाडा काढ.”

“पण बाबा तर म्हणायचे, भूक…”

“माजं नाव कशाला सांगल तो?”

बाहेर ट्रेलरचा हॉर्न वाजला, बराच वेळ.

“गोटीराम तवा बंदरावर ट्रेलर चालवायचा,” आई म्हणाली. “सरपंच कोन होता, ते साल बघितल्यावं पोरासोरांना पन समजंल.” तिने एक चित्र वर काढलं. “ह्यो गटाराचा. तुजी धावीची परीक्षा होती त्या म्हैन्यात. सालाचा आकडा तू घाल.”

वैदेही तिच्यासमोर बसली. बाबांच्या डब्यातली पेन्सिल घेऊन तिने चित्राखाली बारीक अक्षरात महिना आणि साल लिहिलं.

आईने वाकून पाहिलं.

“पुसून टाकतील,” ती म्हणाली. “पेनान लिव.”