विझल्या चुलीच्या वेळी वाजलेली रबान

मित्रांनो, माझं नाव रबान. वय झालंय माझं, पण थाप मारून बघा, अजून खणखणते! फणसाच्या लाकडाचं गोल कडं, त्यावर गाईचं ताणून मढवलेलं चामडं आणि खाली तीन पाय, अशी मी घडले आणि श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका गावात, एमलीन नोनाच्या घरी आले. ही बाई नेमधर्माला भारी करडी. तिचा थोराड मुलगासुद्धा तिला टरकून असे.

वर्षभर मी माळ्यावर पडून असे. पण एप्रिलात सूर्य मीनेतून मेषेत जायला निघाला, की आमचं नवं वर्ष, अवुरुदु! साऱ्या देशाला सुट्टी. माझ्याखाली निखारे ठेवून चामडं तापवायचं, मग बायका भोवती बसून असा ताल धरायच्या, की आवाज पार भातखाचरांपलीकडे जायचा. कौतुकाने मी नुसती फुगून जायची.

मात्र जुनं वर्ष सरताना आणि नवं लागताना काही तास नोनगतेचे असतात. त्या वेळात चूल विझवायची, कामधंदा बंद, खाणंपिणं बंद. आमच्या गावात मीही गप्प. सगळे टेकडीवरच्या विहारात जात. एका वर्षी एमलीन नोनाचे गुडघे आखडले होते आणि सून रूपिका पोटुशी होती, म्हणून दोघी घरीच राहिल्या. मी ओसरीवर होते.

रूपिका कळवळली. "आई, पोटात कळा येतायत हो. शेकायला जरा पाणी तापवता?"

"नोनगतेत चूल पेटवू? वेडबिड लागलंय का तुला? तुझे दिवस अजून भरायचेत."

"आई, नाही सोसवत."

"आम्ही नाही पोरं काढली? उगाच कांगावा करू नकोस. बुद्धाचं नाव घे आणि पडून राहा."

थोड्या वेळाने चटईवर रक्त दिसलं. एमलीन नोना पांढरीफटक पडली. "अगं बाई! हे काय झालं गं!" अंगणात जाऊन तिने जिवाच्या आकांताने हाका मारल्या. पण ऐकणार कोण? सुईणसुद्धा विहारात!

मग ती माझ्याकडे वळली. थाप मारली, तर नुसतं भद्द! आदल्या दिवशीच्या पावसाने माझं चामडं सादळलं होतं. आणि मित्रांनो, पुढे तिने जे केलं ते पाहून मी हादरलेच. तिने काडी ओढली. नोनगतेत! याच बाईने चूल पेटवली, पाण्याचं भांडं चढवलं, निखारे माझ्याखाली ओतले. माझं कातडं करपलं. भान कुणाला होतं? मग ती एकटीच मला दोन्ही हातांनी बडवत सुटली. ना ताल, ना सूर. जन्मात मी एवढी ओरडले नव्हते.

गाव तावातावाने धावून आलं. सुईण पोडिनोना सगळ्यांच्या पुढे. "कोण मेलं वाजवतंय नोनगतेत? आणि हा धूर? एमलीन, तू?"

"शिव्या मागाहून घाल गं, आधी आत जा! माझी सून मरतेय!"

पोडिनोना आत पळाली. इकडे एमलीन नोनाचे हात थांबेनात. शेवटी माझं चामडं फर्रकन फाटलं, तेव्हा ती भानावर आली.

पोर झाली. आधी रडेचना, मग रडली. "आणखी उशीर झाला असता, तर दोघी हातच्या गेल्या होत्या," पोडिनोना घाम पुसत म्हणाली.

मुहूर्त झाला. घरोघरी चुली पेटल्या, फटाके वाजले. आमच्याकडे रीत अशी, की नव्या वर्षी धाकट्यांनी थोरांच्या हाती विड्याची पानं द्यायची, पाया पडायचं आणि वर्षभराच्या चुकांची माफी मागायची. रूपिकाने पडल्या पडल्याच पानांकडे हात नेला. एमलीन नोनाने तो धरला, पानं तिच्याच ओंजळीत ठेवली आणि सगळ्यांदेखत सुनेच्या पायांवर डोकं टेकवलं. बायकांनी तोंडाला पदर लावले. असं कुणी पाहिलं होतं?

"तू पहिल्यांदा म्हणालीस तेव्हाच पेटवायला हवी होती गं चूल. चुकले मी."

रूपिका हमसाहमशी रडली.

माझं काय, मला नवं चामडं मिळालं. आता सणाला भोंगे वाजतात आणि मी माळ्यावर धूळ खाते. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? जमलं तर वर्षातून एकदा खाली काढा, ऊब द्या. नाही जमलं तर राहू द्या. पण मित्रांनो, घरात कुणी दुखतंय म्हणालं, तर रबान वाजायची वाट बघू नका. पहिल्या हाकेलाच उठा.