मनुबाईच्या चालीनं

गाडीचा आवाज कमी करायचा, एवढंच मी भरमाला सांगितलं होतं.

भरमाचं गॅरेज बेळगावात, शहापूर ओलांडून पुढं गेल्यावर. आप्पांची जीप त्याच्या दारात लावली होती आणि आई समोरच्या झाडाखाली बाकड्यावर, मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. आप्पा शेतकी खात्यात ड्रायव्हर होते. खात्यानं ही जीप लिलावात काढली तेव्हा त्यांनीच ती घेतली. स्टिअरिंगवर तेच राहिले, फक्त साहेब बसायचे त्या जागेवर आई बसू लागली. दिवाळीनंतर आप्पा गेले. निपाणीजवळच्या आमच्या गावात आई एकटी उरली. मी पुण्यात एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. तिनं माझ्याकडं यावं म्हणून मी चार महिने तिच्या मागं लागले होते. शेवटी ती म्हणाली, "गाडी येत असंल तर येते. तिला हितं गंजवत ठेवून मी येणार न्हाय."

पण त्या जीपमधून पुण्याला जाणं म्हणजे शिक्षा होती. फेब्रुवारीत एकदा आम्ही चार दिवसांसाठी गेलो होतो. हायवेवर साठच्या पुढं काटा गेला की इंजिन किंचाळायला लागायचं, पत्रा थरथरायचा. पुण्यापर्यंत आम्ही दोघी एक शब्द बोललो नाही, आणि पोचल्यावर आई डोकं बांधून पडून राहिली. मला तिच्याशी बोलायचं होतं. समोरासमोर बसून जे बोलता येत नाही ते शेजारी बसून, रस्त्याकडं बघत बोलता येईल, असं मला वाटत होतं.

मग मी वाचायला बसले. कुठलीही अडचण आली की मी वाचायलाच बसते. जुन्या जीपवाल्यांनी लिहून ठेवलेलं मिळेल ते वाचलं आणि एवढं कळलं, की मागच्या चाकांना जोडणाऱ्या ॲक्सलमध्ये एक मोठं दातेरी चाक असतं, त्याला क्राऊन म्हणतात. आप्पांच्या जीपमध्ये इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टचे पाचाहून जास्त फेरे झाले की गाडीचं चाक एकदा फिरायचं. चढाला, चिखलाला हे बरं. सरळ रस्त्यावर मात्र इंजिन उगीच धावत राहतं. क्राऊन बदलला तर चार-सव्वाचार फेऱ्यांत तेच काम होतं, आणि त्याच वेगाला इंजिन शांत चालतं. मी गणित मांडलं. ते बरोबर आलं.

"तीन उपाय हैत, म्याडम," भरमा म्हणाला. "मोठे टायर घाला. गाडी दिसती बी भारी."

"आणि आई चढणार कशी?"

"शिडी देतो की. फुकट."

"तुझ्या आयेला दे शिडी," झाडाखालून आई म्हणाली. भरमा पोट धरून हसला.

"दुसरं, पाच गिअरचा बॉक्स. पयला गिअर हाय तसाच ऱ्हातोय, पाचवा टाकला की इंजिन झोपतंय. पर बॉक्स हुडकायचा, शाफ्ट कापायचा, महिना जाईल."

महिना माझ्याकडं नव्हता. चौदा एप्रिलची जयंती झाली की दुसऱ्या दिवशी आईला घेऊन निघायचं, असं मी ठरवून टाकलं होतं.

"मग ऱ्हायला क्राऊन. मागचा सेट हाय माझ्याकडं, सांजपातूर बसवतो. पुढचा मागवाय लागंल. तवर पुढची चाकं आन् मागची चाकं यांचा मेळ बसणार न्हाय. चारी चाकं एकदम जोडली तर काय तरी मोडतंय." त्यानं मोठ्या गिअरच्या बाजूच्या आखूड दांडीवर हात ठेवला. "फोर-व्हील लावता काय कधी? लो?"

"कधीच नाही," मी म्हणाले. "पुण्यात कशाला लागतंय?"

आई तेव्हा नळावर पाय धुवायला गेली होती. ती परत येईपर्यंत थांबावं, तिला विचारावं, असं माझ्या मनातही आलं नाही. भरमानं बाइंडिंगची तार आणून ती आखूड दांडी करकचून बांधून टाकली. "चुकून बी ओढायची न्हाय," तो म्हणाला. जुना क्राऊन त्यानं पोत्यात घालून मागच्या सीटखाली ठेवून दिला.

परतीचा रस्ता खरंच शांत होता. हत्तरगीचा टोलनाका मागं पडला, काटा सत्तरवर होता आणि मला टायरचा आवाज ऐकू येत होता. आईनं आधी खिडकीतून बाहेर, मग माझ्याकडं पाहिलं.

"पंखा बंद झाल्यागत वाटतंय गं."

मला फार आनंद झाला. आई बोलत राहिली. "तुझा आप्पा गाडीत गाणी म्हणायचा. मोठमोठ्यानं. त्याला वाटायचं, ह्या आवाजात मला ऐकू येत न्हाय."

"तू सांगितलं नाहीस कधी?"

"सांगितलं असतं तर गप झाला असता."

तवंदी घाट आला. पूर्वी तिसऱ्या गिअरवर चढणारी गाडी आता दुसऱ्यावर घ्यावी लागली. मला ते कळलं, आणि मी त्याबद्दल काही बोलले नाही. घाट उतरताना आईनं विचारलं, "चवदा तारखेला हळू चालंल न्हवं ही?"

"चालेल की," मी म्हणाले.

मिरवणुकीबद्दल सांगायला हवं. मी लहान असताना एका वर्षी बाबासाहेबांचा फोटो बैलगाडीवर ठेवून आमची माणसं गावच्या चौकाकडं निघाली, आणि चौकात गावातल्या लोकांनी ती अडवली. दुपारभर गाडी उन्हात उभी होती. आमच्या शेजारची मनुबाई बैलांच्या पुढं रस्त्यावर बसली ती उठेना. शेवटी बैलगाडी माघारी फिरवावी लागली. पुढं जीप आमची झाली तेव्हा आप्पांनी फोटो तिच्या बॉनेटवर बांधला आणि सगळ्यांना एकच सांगितलं, "चौकात गाडी थांबायची न्हाय. पळायची बी न्हाय. मनुबाईच्या चालीनं जायची." तेव्हापासून दर वर्षी तसंच होत आलं. आता कुणी अडवत नाही. चौकातला हॉटेलवाला सरबतसुद्धा देतो, पण पेले चालता चालताच घ्यायचे आणि चालता चालताच परत द्यायचे. मनुबाई मडगार्डवर हात ठेवून चालायची आणि जीप तिच्याबरोबर चालायची. आप्पा हे कसं करत, याचा मी कधी विचार केला नव्हता. मी मागं बायकांच्या घोळक्यात असायचे.

यंदा बुद्धप्रिय, माझा चुलतभाऊ, ट्रॅक्टर आणायला तयार होता. आई म्हणाली, "ह्या वर्षी बी सुविधाच्या आप्पाचीच गाडी. पोरगीच चालवंल." बुद्धप्रियनं ट्रॅक्टरचा विषय सोडला. मला तेव्हा अभिमान वाटला होता, हेही लिहायला हवं.

ऊन उतरल्यावर आम्ही निघालो. बॉनेटवर फोटो, त्याला निळ्या-पांढऱ्या फुलांची माळ, मागं स्पीकर आणि चार-पाच माणसं. मी पहिला गिअर टाकून क्लच सोडला आणि जीप पुढच्या लेझीमवाल्यांच्या अंगावर गेली. लोक हसत बाजूला झाले. "आक्का, हायवे न्हाय ह्यो!" कुणीतरी ओरडलं. मी क्लच दाबला. सोडला, दाबला. सोडला की गाडी झेप घेई, दाबला की अडखळे. मनुबाईचा हात मडगार्डवरून दोनदा निसटला. तिसऱ्यांदा तिनं हात ठेवलाच नाही.

"अगं हळू," खिडकीशी चालत आई म्हणाली. "तुझा आप्पा पाय बी लावायचा न्हाय. सगळं सोडून बसायचा. गाडी आपली आपण चालायची."

"कसं?"

"ती बारकी दांडी वडायचा की."

मला ते त्या क्षणी कळलं. लो लावायचे आप्पा, चारी चाकांना जोर देणारा सगळ्यात हळू गिअर. वर्षातून एकदा, एवढ्याचसाठी. इंजिन नुसतं चालू ठेवलं की जीप म्हाताऱ्या बाईच्या चालीनं चालत राहायची. मी सगळ्या वेगांचं गणित मांडलं होतं, ह्या एका वेगाचं मांडलं नव्हतं.

चौकाचा चढ लागला. मी अर्ध्या क्लचवर गाडी रेटत होते. आधी वास आला, मग बॉनेटच्या फटीतून धूर. माईकवरच्या पोरीनं गाणं अर्ध्यात सोडलं. गाडीनं दोन हिसके दिले आणि इंजिन बंद पडलं. पुन्हा चालू केलं, गिअर टाकला, क्लच पूर्ण सोडला. इंजिन नुसतं गरगरत राहिलं, चाकं हलली नाहीत; क्लच जळला होता. गाडी मागं सरकू लागली तेव्हा मी ब्रेक दाबला. आम्ही चौकाच्या तोंडाशी होतो. हॉटेलसमोर सरबताचं टेबल मांडलेलं होतं.

बुद्धप्रिय धावत आला. आत हात घालून त्यानं आखूड दांडी धरली. "आक्का, ही वड. आप्पा हीच... हिला तार कुणी बांधली?"

"ओढू नकोस. मोडेल."

"काय मोडंल?"

सगळे जवळ आले होते. मी सांगितलं. क्राऊन बदललाय, फक्त मागचा. दांडी चालणार नाही. मीच बदलून घेतलाय.

"कशाला?"

"हायवेला आवाज कमी व्हावा म्हणून."

"आवाज?" बुद्धप्रियनं विचारलं. त्याला खरंच कळलं नव्हतं. मागून कुणीतरी म्हणालं, "पुण्याला न्ह्याची हाय न्हवं गाडी," आणि ते चेष्टेनंही म्हटलेलं नव्हतं. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी स्टिअरिंगकडं बघत राहिले. आईकडं बघायचं धाडस झालं नाही.

हॉटेलच्या पायरीवरून दोघं-तिघं उठले. एकानं मोबाईल वर धरला होता. दुसरा, हॉटेलवाल्याचा भाऊ, पुढं येऊन अडखळला. "ढकलू काय?" त्यानं विचारलं. बुद्धप्रियनं मनुबाईकडं पाहिलं. मनुबाईनं त्या माणसाकडं नीट बघून घेतलं. बैलगाडी अडवली त्या दिवशी त्याचा बाप कुठं उभा होता, हे तिला माहीत असणार.

"हात लावायचा तर लाव," ती म्हणाली. "पर उभं ऱ्हाऊ नका."

मग ती माझ्याकडं वळली. "ब्रेक सोड, पोरी."

मी ब्रेक सोडला. मागं माणसं लागली होती. इंजिन बंद, स्पीकर बंद. गाडी इंचाइंचानं चढू लागली. चपला घासल्याचा, दम लागल्याचा, फोटोची माळ काचेवर हलल्याचा आवाज येत होता. मागच्या फळीवर बांगड्या वाजत होत्या आणि त्यातल्या आईच्या मला ओळखू आल्या. इतकी शांत ही गाडी हायवेवरसुद्धा चालली नव्हती. मनुबाईचा हात पुन्हा मडगार्डवर होता. सरबताचे पेले माझ्या खिडकीतून कुणीतरी आत धरले. मी ते घेतले नाहीत, दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि मला मान वर करता येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी भरमाला फोन केला. सगळं ऐकून तो म्हणाला, "अवो म्याडम, मिरवणुकीचं बोलायचं न्हवं का. पुढचा शाफ्ट सोडून दिला असता, पुढची चाकं मोकळी झाली असती, लो लागला असता." मी हो म्हणाले. जुना क्राऊन परत बसवायचा, क्लच नवा घालायचा, असं सांगितलं.

"आन् आवाज?" त्यानं विचारलं.

"राहू दे."

आईनं पुण्याचं नाव काढलं नाही, मीही काढलं नाही. बस धरायला निघाले तेव्हा ती दारात तांदूळ निवडत बसली होती. मनुबाई शेजारी होती. "यंदा बी थांबली न्हाय बघ गाडी," मनुबाई मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. बुद्धप्रियही आदल्या संध्याकाळी तेच म्हणाला होता. वस्तीत आता सगळे तसंच सांगतात, की आप्पांची गाडी चौकात थांबली नाही, माणसांनी हातावर नेली.

आईनं ताटातून मान वर केली नाही. "व्हय," ती म्हणाली, आणि एक खडा काढून अंगणात टाकला.

मी पिशवी उचलली. ब्रेकवर पाय माझा होता. गाडी थांबली होती.