तांब्याची गोळी

मेहुण्याकडे, इनोकेंतीकडे, पाठ करून मकार दगडावर बसला आणि मेहुण्याच्याच रिव्हॉल्व्हरच्या चक्रात एकेक काडतूस सरकवू लागला. इनोकेंतीने रिवाजाप्रमाणे तोंड समुद्राकडे फिरवलं. समुद्र दिसत नव्हताच. धुक्याआड त्याचा नुसता श्वास ऐकू येत होता. गावामागच्या त्या ओसाड खाणीत खडीवर पाणी झिरपत होतं, आणि चक्राची प्रत्येक टिकटिक ओल्या हवेत वाजवीपेक्षा जवळ वाटत होती.

हा रिवाज त्या दोघांचाच होता. हंगाम उघडण्याच्या आदल्या दिवशी एकाने दुसऱ्याचं हत्यार भरायचं आणि चक्राच्या सहा घरांपैकी एकात झाडलेली, रिकामी पुंगळी ठेवायची; कोणत्या घरात, ते सांगायचं नाही. भरलं काडतूस उडालं की धक्क्याच्या धांदलीत माणसाचं भय झाकून जातं. पण घोडा रिकाम्या पुंगळीवर पडला की झाकायला काही उरत नाही. धक्क्याच्या धास्तीने ज्याचं मनगट आधीच वाकतं, त्याची नळी त्या शांततेत जमिनीकडे झुकते. ज्याची झुकली, त्याने पाहुण्यांच्या पुढे चालायचं नाही. उद्या दुपारच्या विमानाने या वर्षीचे पहिले पाहुणे बेटावर उतरणार होते, नदीकाठची अस्वलं बघायला.

"घे रे केशा," मकार म्हणाला. इनोकेंतीला तो केशाच म्हणे. "हात थरथरत असतील तर आताच सांग. चहा ढोसून परत येऊ."

"दाजी, तुमचं तोंड बंद राहिलं तर हात आपोआप स्थिर होतात."

मकार हसला, पण ते हसू ओठांच्या पलीकडे गेलं नाही.

इनोकेंतीने मूठ दोन्ही हातांत घट्ट धरली, कोपरं किंचित सैल सोडली. पहिला बार छातीत घुमला. नळी कपाळाच्या उंचीपर्यंत उसळली आणि सावकाश खाली आली. फळीवर काळं भोक पडलं. दुसरा बार. तिसऱ्या वेळी त्याने चाप दाबला आणि नुसता खट्ट आवाज झाला.

नळी हलली नाही.

तो तिच्याकडे पाहत राहिला. परक्याच्या हाताकडे पाहावं तसा आपल्या मनगटाकडे पाहत राहिला. सबंध हिवाळा त्याने या मनगटाचा तिरस्कार केला होता.

गेल्या शरदात ओढ्याच्या वळणावर झुडपांतून अस्वल निघालं तेव्हा मकारचा मुलगा सावा सर्वांत पुढे होता. मागून मकार आणि इनोकेंती, दोघांनी बार काढले. दोन्हींचा मिळून एकच आवाज झाला. एक गोळी अस्वलाच्या छातीत शिरली. दुसरी त्याच्या पायांपुढची खडी उधळून गेली. धक्क्याने उसळलेल्या नळ्या पुन्हा खाली येईपर्यंत अस्वल सावापाशी पोचलं होतं. नंतर ते तिथेच कोसळून मेलं, पण तोवर सावाही राहिला नव्हता.

खडीत गेलेली गोळी कुणाची, हे कुणी विचारलं नाही. इनोकेंतीने स्वतःच आपल्या बहिणीपुढे, मकारच्या बायकोपुढे, मान खाली घातली. "ताई, माझीच खाली गेली असणार," तो म्हणाला. अगाफ्या त्याच्याकडे पाहत राहिली होती. शेजारी उभ्या मकारने बऱ्याच वेळाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "होतं रे. कुणाकडूनही होतं." त्या एका वाक्यावर इनोकेंतीने हिवाळा काढला. अगाफ्याने मात्र दार लावून घेतलं, ते नाताळातही उघडलं नाही.

"पुढचे मार की," मकार म्हणाला. आवाज कोरडा होता. "काय बघतोस?"

उरलेले तीन बार नीट लागले. इनोकेंतीने चक्र उघडून पुंगळ्या तळहातावर घेतल्या. "आता तुम्ही."

"माझं राहू दे. या ओलीत लाकडी मूठ सुटते."

"दरवर्षी ओलच असते, दाजी."

मकारने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग आपलं रिव्हॉल्व्हर आणि मूठभर काडतुसं त्याच्या हाती देऊन तो धुक्याकडे वळला. ती काडतुसं त्याने स्वतः भरलेली होती. कडक ओतीव शिशाची जड, बोथट गोळी आणि पुंगळीत मावेल तेवढी दारू. इनोकेंतीच्या हलक्या, तांब्याच्या वेष्टनातल्या, लागताच टोकाशी उमलणाऱ्या गोळ्यांची तो वर्षानुवर्षं टर उडवत आला होता. "तुझं ते फूल चरबीतच उमलून राहील. माझं शिसं हाडं मोडून आरपार जाईल." त्यावर इनोकेंती म्हणे, "आधी लागू तर दे. एका बारानंतर तुमचा हात ढगात जातो."

त्याने पाच काडतुसं घातली. सहाव्या घरापाशी त्याची बोटं थबकली. रिकामी पुंगळी अंगठ्याखाली गार लागत होती. मकारची पाठ समोर होती. वाकलेली, हिवाळ्यात बरीच म्हातारी झालेली. इनोकेंतीने पुंगळी अलगद खिशात टाकली आणि सहाव्या घरात भरलेलं काडतूस सरकवलं.

मकारने बार काढले. पहिला फळीच्या खाली गेला, दुसराही. फळीपुढची खडी पुन्हापुन्हा उधळत होती, आणि इनोकेंती पायांखालच्या दगडांकडे बघत होता. सहावा बार विरला तेव्हा डोंगरावरून त्याचा पडसाद परत आला.

मकारने चक्र उघडलं. सहाही पुंगळ्या गरम होत्या. त्याने त्या एकेक करून चाचपल्या, जणू एखादी तरी गार लागेल.

"रिकामी कुठाय?"

"विसरलो."

"केशा."

"विसरलो म्हटलं ना, दाजी."

 मग मकारने ओल्या कोटाचं बटण काढलं, आतल्या खिशात हात घातला आणि मूठ इनोकेंतीच्या तळहातावर उघडली. टोकाशी पाकळ्यांसारखी उलटलेली, अंगाच्या उबेने कोमट झालेली गोळी होती. तांब्याची.

"ते अस्वल मीच सोललं होतं. छातीत ही निघाली," मकार म्हणाला. "मारलेल्याचं कातडं आणि कवटी सरकारात द्यावी लागते ना. तू तेव्हा ताईपाशी होतास."

इनोकेंतीने मूठ मिटली.

"त्याच संध्याकाळी सांगणार होतो. पण तू आधीच बोलून बसलास. आणि ती माझ्या छातीवर डोकं टेकून रडत होती." मकारने कोटाचं बटण लावायला घेतलं. "माझ्याकडे आता तेवढंच उरलंय रे. पोराला बापानेच…" त्याने वाक्य सोडून दिलं. "तू सांगणार तिला?"

इनोकेंतीने गोळी खिशात टाकली. पिशवीतून आपल्या काडतुसांची डबी काढली आणि मकारच्या ओल्या हातात ठेवली.

"उद्या ही घाला. धक्का कमी बसतो, दुसरा बार लवकर साधतो. पुढे मी चालेन."

"हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नाही."

"चला. भिजतोय आपण."

उतारावरून दोघे खाली आले. गावात चुलींचा धूर धुक्यात मिसळला होता. कुणाच्या तरी धुरीघरातून धुरावर टांगलेल्या सामन माशांचा वास येत होता. मकारच्या कुंपणापाशी इनोकेंती थांबला. मकार पायऱ्या चढला, दारात एकदा वळला आणि आत गेला. दार त्याने लोटलं नाही. उघड्या फटीतून दिव्याचा पिवळा पट्टा अंगणातल्या चिखलावर पडला.

खिडकीत अगाफ्या उभी होती. केस पांढरे झाले होते. किती दिवसांत, ते इनोकेंतीला ठाऊक नव्हतं, कारण सबंध हिवाळा त्याने या खिडकीकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. आज त्याने पाहिलं. तिच्या नजरेला नजर दिली. खिशातली गोळी काढून हात नुसता वर करायचा होता. पायऱ्या चढायचीही गरज नव्हती.

अगाफ्याने पडदा ओढला. थोड्या वेळाने दारही आतून कुणीतरी लावून घेतलं, आणि चिखलावरचा पट्टा विझला.

तो समुद्राच्या कडेने आपल्या घराकडे निघाला. खिशात गोळी रिकाम्या पुंगळीला लागून किणकिणत होती. चालता चालता त्याने त्या दोन्ही बाहेर काढल्या आणि गोळी पुंगळीच्या तोंडावर टेकवून अंगठ्याने दाबून पाहिली. पाकळ्या कडेला अडल्या. त्याने पुन्हा दाबली, जरा जोराने. मग ओझं सांभाळावं तशी मूठ मिटून घेऊन चालत राहिला.