फाटकावरचा ढोल

“वाजव की! गाडी आत आली, बघत काय बसलास?” माझी बायको सिफावू गर्दीतून ओरडली.

मी वाजवायला लागलो. आम्हा योरुबांचा ढोल बोलतो आणि गावातल्या शेंबड्या पोरालाही ते बोलणं कळतं. मी नव्या गव्हर्नरच्या आजा-पणजांची नावं घेतली. आठ वर्षं गव्हर्नरच्या बंगल्याच्या या फाटकावर वाजवायचा मान माझ्या चुलतभावाचा, आयानसोलादादाचा होता. तो इथे आंब्याच्या सावलीत, मी लग्नाच्या मांडवात घाम गाळत. जळायचो मी, अगदी उघड जळायचो. जुन्या गव्हर्नरला तिसऱ्यांदा उभं राहता येत नाही, एवढ्या एका गोष्टीवर माझी आशा टिकून होती.

“कायद्याचे पाय धर,” सिफावू म्हणायची. “तुझ्याच्यानं दादा हलला नसता.”

नव्याशी हात मिळवून जुना गव्हर्नर निघाला. भोंगा नाही, पोलीस नाहीत, एकच गाडी. त्या गाडीपुढे चालत दादा अजून त्या म्हाताऱ्याची कुळी, त्याच्या पूर्वजांची नावं, वाजवत होता.

“दादा, पुरे आता! मुदत संपली त्याची,” मी ओरडलो.

“खुर्चीची संपली रे. त्याच्या बापजाद्यांची कुठे संपलीय?”

कोपऱ्यावर पोचेपर्यंत दादाचा हात थकला आणि कुळीची शेवटची ओळ अर्धीच राहिली. एकानं अर्धी सोडली तर दुसऱ्यानं पुरी करायची, ही आमच्या घराण्याची रीत. पण खरं सांगतो, मी रीत म्हणून वाजवलं नाही. ही ओळ त्याच्यापेक्षा मला चांगली येते, हे मला दाखवायचं होतं. वाजवली, आणि अशी वाजवली की गाडी थांबली.

म्हातारा खाली उतरला. आठ वर्षांत पहिल्यांदा त्यानं माझ्याकडे बघून हात वर केला.

फाटकात सगळे माझ्याकडे वळले होते. नव्या साहेबासमोर उभं राहून मी जुन्याचे पूर्वज जागे केले होते.

“कुणी बोलावलं रे याला?” नव्या साहेबाचा सचिव म्हणाला. “हाकला. दुसरा बघा.”

सिफावूनं कपाळावर हात मारून घेतला. मी ढोल काखेत मारला आणि बाहेर पडलो.

कोपऱ्यावर दादा थांबला होता. “शेवट माझ्यापेक्षा छान केलास,” तो म्हणाला.

मी म्हाताऱ्याकडे बघितलं. त्याचा हात दादाच्याच खांद्यावर होता.