बेडकांच्या हमामातलं पाणी

सासूबाईंचा हौदाचा नियम मला तोंडपाठ होता. उन्हाळ्यात आठवड्याला चार बादल्या पाणी बदलायचं, हिवाळ्यात हात लावायचा नाही, आणि नवरोजला निम्मंच काढायचं. मला वाटायचं, नुसता कंजूषपणा! म्हणून त्या मशहदच्या यात्रेहून परतायच्या दिवशी, नवं वर्ष लागायला चार तास असताना, मी अख्खा हौद उपसून काढला. जुनं पाणी डाळिंबांना गेलं. घासलेल्या निळ्या फरशा अशा लखलखल्या की मी एकटीनेच टाळ्या पिटल्या! मग नळ सोडला, हौद भरला आणि घंगाळात काढून ठेवलेले एकोणीस लाल मासे पाण्यासकट आत सोडले.

दहा मिनिटांत दोन मासे आडवे झाले. बाकीचे वर येऊन तोंडं उघडू-मिटू लागले. माझ्या तोंडचं पाणी पळालं. या माशांना सासूबाईंनी पोटच्या पोरांसारखं वाढवलं होतं.

"अगं सूनबाई, नळाच्या पाण्यात टाकलेस?"

भिंतीवरून शेजारच्या बद्री खानम डोकावत होत्या. आमच्याशी सात वर्षं अबोला! त्यांच्या हिरव्यागार हौदाला सासूबाई चारचौघांत 'बेडकांचा हमाम' म्हणाल्या होत्या ना!

"त्यात औषध असतं! काढ, काढ आधी!"

"काढून ठेवू कशात? जुनं पाणी थेंबभर नाही!"

"माझ्या बेडकांचं चालेल का तुझ्या सासूला?"

"बद्री खानम, जीव ओवाळून टाकते तुमच्यावरून! द्या!"

भिंतीवरून बादल्या येऊ लागल्या. मी घंगाळ भरलं, पातेली भरली, नवरोजच्या पुलावाचा हंडासुद्धा सोडला नाही. त्या हिरव्या पाण्यात आधी आडवे दोघे सोडले. एकाची शेपटी हलली. मग दुसऱ्याची. बाकीचे सतराही पातेल्यांत सोडले आणि मी अंगणात उडीच मारली!

तेवढ्यात दार वाजलं. सासूबाई बोचकं खांद्यावर तशाच उभ्या. एकही मासा नसलेला लखलखीत हौद पाहिला, हिरवी पातेली पाहिली, मासे दोनदा मोजले. हंड्यात बोट बुडवून हुंगलं.

"हे बद्रीचं पाणी."

"माझंच चुकलं, खानम-जान. त्या नसत्या तर एकही वाचला नसता."

सासूबाईंनी बोचकं खाली ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून हाक मारली, "बद्री! वर्ष लागायला आलं. चहा टाकतेय. तुझ्या बेडकांना विचारून ये!"

पलीकडून लगेच उत्तर आलं, "इफ्फत, सात वर्षं लागली का गं तुझ्या चहाला उकळी यायला?"